पाहुण्यांसकट हललेलं घर

अंबरनाथची कंपनी बंद पडली आणि क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा बाबांनी खोली शोधायच्या ऐवजी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली. सीटा काढून दोन बाकडी ठोकली, मागे ओटा केला, कोपऱ्यात पाण्याची टाकी बसवली आणि उरलेल्या जागेत शिलाई मशिनी दुरुस्त करायची हत्यारं ठेवली. उल्हासनगरात कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यांतल्या मशिनी सतत रुसलेल्या असायच्या. तिथलं काम संपलं की आम्ही घर घेऊन अंबरनाथला, आणि उन्हाळ्यात बदलापूरला नदीकडच्या मोकळ्या जागेत. दोन हजार सालानंतरची ती काही वर्षं मी कॉलेजही असंच केलं. संध्याकाळी घर कुठं असेल, एवढं सकाळी विचारून निघायचं.

गाडी मी चालवायचे. बाबांचा गुडघा दुखायचा म्हणून रीतसर लायसन्स काढलं, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्यापेक्षा बरीच बरी चालवायचे. हलायची आमची एक रीत होती. आई मागून मोठ्यानं विचारायची, आम्ही ओरडून उत्तर द्यायचं. "गॅस?" "बंद!" "टाकी?" "झाकली!" "बुद्ध?" मूर्ती मांडीवर घेऊन बाबा म्हणायचे, "घेतले!" मग मी चावी फिरवायची. आईनं सुरुवात केली की आमचे हात आपोआप चालायला लागायचे. जागा मिळायच्या त्याही एकाच अटीवर, मालकानं सांगितलं की लगेच निघायचं.

या घरापायी माझं लग्न अडलं होतं. दोन स्थळं घर बघूनच परत गेली. "मुलगी चांगली आहे हो, पण पत्ता काय सांगायचा लोकांना?" एका गृहस्थांनी तर चहासुद्धा गाडीखाली उभ्यानंच घेतला. मला त्यांचा राग यायचा, बाबा मात्र खचायचे. पोरीचं आयुष्य मी चाकाखाली घातलं, असं ते आईला म्हणताना मी ऐकलं होतं. तिसरं स्थळ बदलापूरचं होतं, मुलगा ऑफिसात. हेही जमलं नाही तर गाडी विकून टाकायची, असं बाबांनी ठरवूनच टाकलं होतं.

रविवारी मुलगा आणि त्याचे आईवडील कॅम्प तीनला आले. आम्ही एका कारखान्याच्या मागच्या बाजूला उभे होतो. जय भीम झाला, पोहे दिले, चहा दिला. मुलाचे वडील छताकडे बघत म्हणाले, "फॅन पण आहे की!" एवढ्यात कारखान्याचा सिंधी मालक खिडकीशी आला.

"मिस्त्री, गाडी निकालो. कपड़े का ट्रक गली में आ गया है."

बाबांचा चेहरा उतरला. हात जोडून ते मालकाची समजूत घालणार, तेवढ्यात सवयीनं आईच्या तोंडून निघून गेलं, "गॅस?"

"बंद!" मी म्हणाले, पदर खोचला आणि पुढं धावले. टाकी झाकली गेली, बाबांनी मूर्ती उचलली. मी चावी फिरवून गाडी गल्लीबाहेर काढली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मागं पाहुणे बसलेत.

आरशात बघितलं. मुलाचे वडील खिडकीचा गज घट्ट धरून होते. मुलगा दोन्ही हातांनी तीन कप सावरत होता. माझ्या आईनं कपाळाला हात लावला होता. गेलं हेही स्थळ, मला वाटलं. पण भर बाजारात गाडी मध्येच सोडून रडत बसता येत नाही. एका शेअर रिक्षावाल्याला हॉर्न देऊन मी गाडी कडेला घ्यायला लागले.

"थांबवू नको गं," मुलाची आई म्हणाली. "जरा पुढं घे की."

बशी हातात धरूनच ती माझ्यामागच्या खिडकीशी येऊन बसली. मी गाडी अंबरनाथच्या रस्त्याला लावली. "लग्न झालं तेव्हापासून त्याच दोन खोल्या," ती सांगत होती. "किचनच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात, दुसरं काय."

"अगं, आपण कशाला आलोय?" तिचे यजमान मागून म्हणाले.

"बघायलाच ना? बघतेय की!"

मला हसू आवरेना. पुढं एका झाडाखाली मी गाडी उभी केली. मुलानं कप खाली ठेवले. "एक थेंब सांडला नाही," तो मला म्हणाला. "मस्त चालवता." मला तो तिथंच आवडला. बाबा मात्र मूर्ती मांडीवर घेऊन मान खाली घालून बसले होते, नकाराची वाट बघत.

मुलाची आई त्यांच्यासमोर येऊन बसली. "दादा, आमचं घर बिल्डिंगमध्ये आहे, दुसऱ्या माळ्यावर. ते काय हलत नाही. तुमच्या पोरीला चालेल का?"

बाबांनी मान वर केली. ही बाई आपल्या पक्क्या घरातलं उणं सांगत होती, आणि तेही आम्हाला. हो म्हणायची बाबांना किती घाई होती, ते मला आणि आईलाच माहीत. डोळे पुसून ते ताठ बसले.

"आधी तुमचं घर बघायला येतो," बाबा म्हणाले. "मग विचार करून कळवतो."