दत्ताच्या ताऱ्याचं ग्रहण

दत्ताला काहीतरी सापडलंय असं कळलं आणि मी शनिवारी पहाटेची संभाजीनगरची एसटी पकडली. अभिनंदन करायला जातोय, असं घरी सांगितलं.

दत्ता आणि मी एमएस्सीला एका बाकावर. पीएचडीलाही विषय एकच, जोडतारे. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतला एक मेलेला, पण हावरट. तो शेजाऱ्याचा वायू ओढतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते कमी-जास्त का होतात, हे शोधायचं. मी दोन वर्षांत कंटाळून पुण्यात क्लास काढला. तो चिकटून राहिला, आणि आता त्याला अशाच एका ताऱ्याला ठरावीक वेळानं ग्रहण लागताना दिसलं होतं. माझ्या पोटात दुखत होतं, उगाच लपवत नाही.

पुण्याहून अहिल्यानगरमार्गे सहाएक तास लागतात. सहाच्या आत निघा, नाहीतर वाघोलीतच जीव नकोसा होतो. दत्तानं बसस्टँडवरून थेट नान-खलिया खायला नेलं. मटणाचा तर्रीदार रस्सा आणि पिवळीधमक नान, तेही स्वस्तात. मटण खात असाल तर चुकवू नका.

रविवारी दत्ता, रेखावहिनी आणि मी खुलताबादला गेलो. एसटीनं तासभर; दौलताबादला सीताफळं मिळतात. दर्ग्याजवळच्या हॉटेलात चहा सांगून दत्तानं लॅपटॉप उघडला. आलेखात ग्रहणाची खाच होती, पण पुसट, फिसकटलेली. मी वेळांचा रकाना पाहिला आणि मनात उकळ्या फुटल्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळं ताऱ्याचा उजेड आपल्याकडं कधी काही मिनिटं लवकर पोचतो, कधी उशिरा. म्हणून सगळ्या वेळा सूर्यापाशी बसून मोजल्यासारख्या करून घ्याव्या लागतात. दत्ताला पहिल्या महिन्याच्या नोंदी आयत्या दुरुस्त मिळाल्या होत्या. पुढच्याही तशाच असणार, असं त्यानं धरलं होतं.

गप्प बसता आलं असतं. पण वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "दत्ता, पुढच्या वेळा सूर्यावर नेल्याच नाहीस की."

त्याचा चहा तसाच राहिला. "व्हय की," तो म्हणाला. "लई मोठी चूक झाली, यार."

परतीच्या एसटीत तो बंद लॅपटॉप मांडीवर धरून बसला. दौलताबादचा किल्ला मला इतका सुंदर कधीच दिसला नव्हता. सांत्वनाची दोन वाक्यंही मी तयार ठेवली.

घरी जाऊन त्यानं वेळा दुरुस्त केल्या. सगळी ग्रहणं बरोबर एकाखाली एक आली. पुसट खाच विळ्यानं कापल्यासारखी स्वच्छ झाली. आता कुणालाच शंका घेता आली नसती.

दत्तानं मला मिठी मारली. "तूच काढलंस बघ हे. तुझ्याबिगर ते तसंच पुसट राह्यलं असतं."

वहिनींनी शिरा केला. तयार ठेवलेली दोन वाक्यं मी त्याच्याबरोबर गिळली.

पुण्यात परतून दोन महिने झाले. सहल छान झाली, असं सगळ्यांना सांगतो. परवा दत्तानं शोधनिबंध पाठवला. शेवटी आभारांत माझं नाव आहे. ते मी घरी सगळ्यांना दाखवलं. मग दार लावून निबंध पहिल्या ओळीपासून वाचला. आत्तापर्यंत चार वेळा वाचून झालाय. एकही चूक सापडलेली नाही.