म्हाळूने धुतलेली घोंगडी

केंदूरच्या म्हाळूने उभ्या जन्मात घोंगडी धुतली नव्हती. मळली की उन्हात टाकायची, झटकायची, झालं. मेंढीच्या कातडीला मुळातच ओशटपणा असतो. पाऊस तिच्या लोकरीवरून निथळून जातो, आत शिरत नाही. जुन्या धनगरांनी हे हेरलं आणि ते तो ओशटपणा राखूनच घोंगड्या करून घ्यायला लागले. घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली की म्हाळू दिवसभर पावसात उभा, आणि आतला सदरा कोरडा. साबण लागला की खेळ खलास. बायको रंभा एकदा घोंगडी धुवायला निघाली, तर या पठ्ठ्याने तिला ओढ्यावरून परत आणलं होतं.

पुढं रंभा गेली. गुडघे धरले म्हणून मेंढरं विकली. दिवसदिवस बोलायला कोणी मिळेना, तेव्हा म्हाळू शिक्रापूरला लेक सतीशच्या खोलीवर आला. चार दिवसांसाठी, असं सांगून. मनात होतं कायमचं राहायचं, पण ते सतीशने आपणहून म्हणावं. म्हातारा भारी मानी.

सतीश काही म्हणेना. सून सीमा एवढंच बोलली, "आबा, घोंगडीला मेंढरांचा लई वास येतोय. शेजारची नाक धरत्यात."

म्हाळूला वाटलं, अडलंय ते इथंच. घरात कोणी नाही असं बघून त्याने पावडरीची अख्खी पुडी बादलीत ओतली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून घोंगडी चोळचोळ चोळली. तेलकट पाणी निघत राहिलं. त्याला रडू आलं, पण हात थांबले नाहीत.

"आता कसं छान वाटतंय, आबा!" सीमा हरखली.

दोन दिवसांनी दूध आणायला गेला आणि पावसाने गाठलं. घोंगडीने सगळं पाणी पिऊन घेतलं. तो कुडकुडत परतला. सीमाने टॉवेल दिला, आल्याचा चहा दिला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी विचारपूस करत होतं, म्हाळू सुखावला.

संध्याकाळी सतीश रेनकोट घेऊन आला. त्याच्या कंपनीत कापडाला पाणी न धरणारा लेप देत. त्याने नळाखाली धरून दाखवला. थेंब घरंगळून गेले.

"मेंढीवानीच हाय की रं! माझ्यासाठी?"

"व्हय आबा. लई काळजी लागली व्हती. आता गावाकडं कितीबी पाऊस असू द्या, तुम्हाला काय व्हायचं न्हाई. उद्या सकाळच्या एस्टीत बसवून देतो."

लेक वाईट नव्हता, आणि म्हणूनच फार लागलं.

"बरं केलंस," म्हाळू म्हणाला, आणि दोरीवरची ओली घोंगडी पिळायला उठला.