दहीवाल्यामागे धावलेला माणूस

राघवय्याचा आवाज गुंटूरच्या मिरची यार्डात सगळ्यांच्या ओळखीचा होता. लिलाव पुकारायला तो पोत्यांच्या थप्पीवर चढला, की पार कोपऱ्यातले हमालसुद्धा विड्या विझवून उठायचे. मग घशात गाठ निघाली आणि ती काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. माणूस वाचला. गळ्याखाली श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल आला आणि घर गप्प झालं.

त्याची मुलगी हिमबिंदू तेव्हा हैदराबादला अ‍ॅनिमेशन शिकत होती. रोज फोनवर ‘जेवलीस का’ विचारणारा बाप आता फोन कानाला लावून नुसता ऐकायचा. ती काहीबाही सांगत राहायची. पलीकडून फक्त श्वासाची घरघर यायची.

त्याच वर्षी विजयवाड्याला विद्यार्थ्यांची एक स्पर्धा होती. एका मिनिटाच्या फिल्मचा स्टोरीबोर्ड करायचा, म्हणजे सगळी गोष्ट चौकटीचौकटीत रेखाटून दाखवायची. अट एकच, संवाद नको. बिंदूनं ढगांतून उडणारे घोडे काढले. तिच्या कॉलेजातल्या सुदर्शन सरांनी कागद उलटसुलट पाहिले.

“घोडे झकास उडतायत. पण त्यांना जायचंय कुठं?”

“कुठं म्हणजे, सर?”

“यात कोणाला काही हवंच नाहीये, बाई. काही हवं असल्याशिवाय कोणी धावत नाही, आणि कोणी धावल्याशिवाय मी बघत बसत नाही.”

धावणं म्हटल्यावर तिला संक्रांतीची सकाळ आठवली. ती सुट्टीला घरी आली होती आणि गच्चीवर केस वाळवत बसली होती. खालून कोटय्या दहीवाला सायकलवरून निघून चालला होता. राघवय्याला दही हवं होतं, पण हाक कशी मारणार? त्यानं स्वयंपाकघरातलं ताट आणि पळी उचलली आणि लुंगी सावरत, ताट बडवत मागे धावला. गल्लीला वाटलं, साप निघाला. बायका पोरांना घेऊन ओट्यावर चढल्या, कुत्री भुंकत सुटली. कोटय्यानं वळून पाहिलं, आपल्यामागे एवढी फौज कशाला लागली ते त्याला कळेना, आणि त्यानं जोरात पायडल मारलं. दोघंही वळणाआड गेले. बऱ्याच वेळानं राघवय्या परत आला तो रिकामं ताट घेऊन, आणि आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून निजला. अम्मा देवळात गेली होती. बिंदूला जवळ जायचा धीर झाला नाही. दुपारच्या गाडीनं ती हैदराबादला निघून गेली.

आता तेच तिनं कागदावर उतरवलं. काढताना तिला हसू आवरत नव्हतं. शेवटच्या चौकटीशी मात्र हात जड झाला: रिकामं ताट, आणि भिंतीकडे वळलेली पाठ.

स्टोरीबोर्ड अंतिम फेरीत निवडला गेला आणि तिची झोप उडाली. ज्या गोष्टीनं नान्नाची, आपल्याच बापाची, मान खाली गेली, तीच आपण चारचौघांत टांगणार. घरी तिनं फक्त निवड झाल्याचं सांगितलं.

“आम्ही येतोय,” अम्मा फोनवर म्हणाली.

“कशाला दगदग करता? त्यांना प्रवासाचा त्रास होईल.”

“त्यांनीच सदरा इस्त्रीला दिलाय. आणि विजयवाडा काय काशी आहे? तासाभराची वाट.”

सभागृहाच्या भिंतीवर सगळ्यांच्या चौकटी लावल्या होत्या. राघवय्या पहिल्या चौकटीपासून सावकाश पुढे सरकत होता. बिंदू खांबाआड उभी होती. ताट बडवणाऱ्या माणसापाशी तो थांबला. त्याचे खांदे हलू लागले. तो खोकला, त्यानं रुमाल गच्च धरला. ती धावत गेली.

“नान्ना, चुकलं माझं. विचारायला हवं होतं. मी काढून टाकते.”

त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हसून हसून लाल झाला होता. शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून त्यानं जोरजोरात नकाराची मान हलवली. मग दोन्ही हातांनी सायकलचं हँडल धरल्यासारखं केलं, धाडकन पडल्याचं दाखवलं, ओंजळ तोंडाला लावली आणि पोटावरून हात फिरवला.

बिंदूनं अम्माकडे पाहिलं.

“अगं, मारुतीच्या देवळापाशी कोटय्या पडला सायकलवरून,” अम्मा म्हणाली. “यांनी उचलला त्याला. मग दोघं तिथंच बसले हसत, आणि मडक्यातलं सगळं दही संपवून आले. हसून हसून ते भोक दुखायला लागलं, म्हणून येऊन निजले. मी घरी आले तर खुणेनंच सांगितलं, जेवायला नको.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कधी? फोनवर तूच बोलत असतेस.”

इतके महिने छातीवर असलेला धोंडा कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावा, तसं बिंदूला झालं. ती हसली, मग थोडी रडली, आणि अम्मानं पदर पुढे केला तेव्हा पुन्हा हसली.

परीक्षक संध्याकाळी येणार होते, तोवर बदल करायला परवानगी होती. नवा शेवट काढायला ती जमिनीवर कागद पसरून बसली. राघवय्या कधी कोटय्या व्हायचा, कधी सायकल. पडण्याचा अभिनय तर त्यानं इतक्या मनापासून केला, की बाजूच्या कॉलेजची मुलं आपली कामं सोडून जमली.

तिला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं नेल्लोरच्या एका मुलाला गेलं, आणि त्याचं काम खरंच सरस होतं हे तिनं स्वतःच कबूल केलं.

परतीच्या बसमध्ये राघवय्या खिडकीशी डुलक्या घेत होता. अम्मा मात्र कागद मांडीवर घेऊन बसली होती.

“ही ओट्यावर चढलेली जाडी बाई कोण? मी नव्हे ना?”

“शेजारची नागमणी आत्या.”

“मग ठीक आहे,” अम्मा म्हणाली आणि तिनं पुलिहोऱ्याचा, चिंचेच्या भाताचा, डबा उघडला.