दोनदा टाइप केलेली वही

काकांना काहीही सांगितलं की ते कानावरची पेन्सिल काढायचे आणि विचारायचे, "किती वेळा?"

कॅन्टीनच्या चहात माशी निघाली. किती वेळा? स्वारगेटची बस स्टॉपवर न थांबता निघून गेली. किती वेळा? उत्तर "एकदा" आलं की पेन्सिल परत कानावर. "एकदाच ना? मग सोडून द्या." तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेलच, ज्याच्यापुढे आपली तक्रार आपल्यालाच फुसकी वाटायला लागते.

हडपसरच्या एका आयटी पार्कात आम्ही काही जण इंग्रजीचं मराठी करणारं यंत्र बनवत होतो. बाकी सगळे पंचविशीतले इंजिनिअर. काका तेवढे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले भाषांतरकार. नोकरीसाठी नागपूरकडून पुण्यात आले आणि धायरीला घर करून इथलेच झाले. दोन बसगाड्या बदलून यायचे, तरी सगळ्यांच्या आधी खुर्चीत हजर.

यंत्राला आम्ही व्याकरण शिकवत नव्हतो. माणसांनी केलेली लाखो भाषांतरं त्याच्यापुढे ओतायची आणि त्यातून ते आपले आपणच नियम काढायचं. इंग्रजीतल्या या तुकड्याला मराठीत हा तुकडा, आणि शेजारी आकडा, ही जोडी किती वेळा दिसली त्याचा. नियमांचा तो तक्ता इतका फुगायचा की कॉम्प्युटरच्या मेमरीत मावायचा नाही. मग काटछाट. एकदाच दिसलेली जोडी बहुतेक चुकून जुळलेली असते, म्हणून तिच्यावर पहिली कुऱ्हाड. काकांनी हा नियम संसारालाही लावलाय, असं आम्ही त्यांच्यामागे म्हणायचो.

कापायच्या जोड्यांची यादी छापून घेऊन काका ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत बसत. मी एकदा म्हटलं, "काका, हे प्रोग्राम करतोच की."

"तुम्ही इंजिनिअर. तुमचा प्रोग्राम चुकत नसेल," ते वर न बघता म्हणाले. "मी चुकतो. म्हणून वाचतो."

मग दवाखान्यांचं काम आलं. औषधांच्या, तपासण्यांच्या सूचना इंग्रजीतून मराठीत करायच्या. आमचं यंत्र "रिकामे पोटावर घेणे" असलं काहीतरी ओकायचं. काकांनी एक दिवस खाकी कव्हर घातलेली वही आणली. इंग्रजी सूचना आणि समोर पेशंटला समजेल असं मराठी.

"एका नर्सची आहे," एवढंच म्हणाले.

ती वही त्यांनी दुसऱ्या कुणाला टाइप करू दिली नाही. दोन बोटांनी, शब्द शब्द शोधत, दोन आठवडे स्वतःच करत बसले. मी जाता जाता एक ओळ वाचली. "सकाळी चहाच्याही आधी घ्या." मला हसू आलं.

"असं कोण लिहितं, काका?"

"जिला रोज सांगावं लागतं, ती."

गिऱ्हाइकाला यंत्र दवाखान्यातल्या साध्या कॉम्प्युटरवर चालायला हवं होतं. म्हणजे तक्ता आणखी लहान. शुक्रवारी मी जाहीर केलं, एकदाच दिसलेल्या झाडून सगळ्या जोड्या काढायच्या.

"सगळ्या?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, एकदाच ना? मग सोडून द्या."

सगळे हसले. काकाही हसले.

दोन आठवड्यांनी, सोमवारी, काटछाटीआधी मी नेहमीची तपासणी लावली. तेच वाक्य दोनदा शिरलं असेल तर एक प्रत काढायची, नाहीतर आकडे खोटे फुगतात. ती नर्सची अख्खी वही दोनदा निघाली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

"अहो काका, ही वही दोनदा कशी?" मी जागेवरूनच ओरडले. काका उठून आले आणि स्क्रीनकडे वाकून बघत राहिले.

"चुकून झालं असेल."

"अख्खी वही? चुकून?" चार लोकांत माझ्या आवाजाला उगाच धार आली होती.

"चूकच ती, बाप्पा," ते म्हणाले. "काढून टाका."

हे नागपूरकडचं "बाप्पा" त्यांच्या तोंडी फक्त गडबडले की यायचं. मला ते ठाऊक होतं, तरी त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही. मी एक प्रत काढली आणि काटछाट चालू केली. ते माझ्या खुर्चीमागेच उभे होते.

"त्या वहीतलं किती उरलं?"

मी शोधून पाहिलं. दोन-चार नेहमीचे शब्द होते, वाक्य एकही नव्हतं.

"काही नाही उरलं, काका."

"बरोबर आहे. नियम तो नियम." ते जागेवर जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी कुणाला "किती वेळा?" असं विचारलेलं मला आठवत नाही. हेही मला फार उशिरा जाणवलं आणि त्याची लाज अजून जात नाही.

दिवाळीनंतर काका आजारी पडले आणि महिनाभरात गेले. त्यांची फूटपट्टी आणि पेन्सिल द्यायला मी धायरीला गेले. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली काकांचा नवा फोटो आणि शेजारी जुना, नर्सच्या गणवेशातल्या बाईंचा.

मुलीनं ती वही आणून दिली. पहिल्या पानावर वॉर्डचा नंबर आणि नाव. आडनाव काकांचंच.

"आई गेल्यावर बाबा बोलतच नव्हते," ती म्हणाली. "मग ही वही सापडली. ऑफिसातून आले की सांगायचे, आज तुझ्या आईची चार पानं आत गेली. शेवटच्या आजारातही म्हणत होते, ती आता दवाखान्या-दवाखान्यांतून बोलतेय."

घरी त्यांनी सांगितलंच नव्हतं.

वही माझ्या मांडीवर उघडी होती. निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "धाप लागली तर घरच्यांना विचारत बसू नका. रिक्षा करा आणि या." ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा वाचत होते. काढून टाकताना वाचलं नव्हतं.

"ताई," मुलगी म्हणाली, "आई त्यात कशी बोलते ते मला दाखवाल का? पुन्हा पुन्हा त्रास नाही देणार. एकदाच."