पोहायला शिकवणाऱ्या घाबरट बाई

आमच्या पोहण्याच्या बाईंइतकी घाबरट व्यक्ती अख्ख्या नाशिकमध्ये नसेल, आणि तरीही इंदिरानगरातल्या निम्म्या बायकांना खोल पाण्यात उतरवलं ते त्यांनीच. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले होते. निवृत्तीनंतर तीच नजर आमच्याकडे वळली. काय खाल्लं, झोप झाली का, चक्कर येते का, हे विचारल्याशिवाय त्या पाण्याला पाय लावू देत नसत. दर दोन मिनिटांनी आमची डोकी मोजत. एकदा हळदीकुंकवालाही त्यांनी आम्हाला मोजलं आणि एक कमी भरली म्हणून तिला स्वयंपाकघरातून शोधून आणलं. द्वारका चौकात रस्ता ओलांडताना तर आम्हा चाळिशीतल्या बायकांना हात धरून साखळी करायला लावली. रिक्षावाले थांबून बघत होते.

मी शाळेत क्लार्क. पाणी छातीपर्यंत आलं की माझा श्वास अडकायचा. ‘घाबरू नकोस’ असं सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “आज भीती कुठे आहे?”

“घशात.”

“बरं. पोटात उतरली की सांग. तोवर कडा धरून पाय मार.”

महिनाभर रोज हाच प्रश्न. मग एका सकाळी मी “पोटात” म्हणाले आणि त्यांनी मला खोल भागात सोडलं. मधोमध पोहोचले आणि पोटरीत गोळा आला. मी खाली गेले. नाकातोंडात पाणी, कानात नुसता दाब. हातपाय झाडत कशीबशी वर आले, तर खांद्याला बांबूचं टोक लागलं.

“दोन्ही हातांनी धर,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आता उताणी हो.”

त्यांनी मला कडेला ओढून घेतलं आणि स्वतः ओल्या फरशीवरच बसल्या. बांबूवरची मूठ काही केल्या सुटेना.

“बाई, तुम्ही घाबरलात?”

“रोजच घाबरते. म्हणून तर मोजते,” त्या म्हणाल्या. पोटरी चोळून देत पुढे म्हणाल्या, “आता परत उतर. मी इथेच आहे.”

मी रडत उतरले आणि पलीकडच्या कडेला हात लावला.

गेल्या वर्षी बाईंची नजर अधू झाली. त्यांनी आपणहून शिकवणं थांबवलं आणि लेकीकडे राहायला गेल्या. नवे सर चांगले आहेत, पट्टीचे पोहणारे आहेत, कशालाच घाबरत नाहीत. त्यांच्या भरवशावर मला अजून मधोमध जाववत नाही.