गणिताच्या बाईंची ताणमुक्ती

आमच्या हेडसरांना वर्षाच्या शेवटी शिक्षकांची दया येते. एरवी वर्षभर ते केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतात. पण निकालाच्या आठवड्यात पेपरांचे गठ्ठे टेबलावर मावेनासे होऊन खुर्च्यांवर चढले, की त्यांना एकदम आमचा ताण दिसतो. मग ते ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवतात, तीही कामाच्याच वेळात. बुडालेलं काम आम्ही पिशवीत भरून घरी नेतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

यात सगळ्यांत जास्त भरडल्या जातात त्या गणिताच्या बाई. स्वभाव गरीब आणि हात भरभर, त्यामुळे ज्याला त्याला आपला गठ्ठा त्यांच्याच टेबलावर विसरायची सवय. चित्रकलेचे सर तर "बाई, बेरजा तेवढ्या बघा हं" म्हणून अख्खा वर्ग सरकवतात आणि चहाला जातात. बाई लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसतात. मी शेजारच्या टेबलावर इतिहास तपासते आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडते. इतकं सोसणाऱ्या माणसाचा रागच येतो.

यंदा मात्र बाईंनी काहीतरी मागितलं. एकुलती एक लेक दुसऱ्या गावी, पहिलटकरीण, दिवस भरलेले. तिला सासू नाही आणि जावई रक्त दिसलं की खाली बसणारा. "आई, त्या वेळी तू पाहिजेस," एवढंच लेक म्हणाली होती. बाईंनी रजा मागितली. हेडसर हळहळले.

"अहो, पण नेमकी याच आठवड्यात? जरा पुढेमागे नाही का होणार?"

आणि बाई म्हणाल्या, "विचारून बघते."

बाळंतपण पुढे ढकलता येतं का, हे विचारून बघणार होत्या! स्टाफरूममध्ये मी त्यांना फाडफाड बोलले. "तुमच्यावाचून शाळा बुडत नाही, बाई. निघा आत्ताच्या आत्ता."

"कार्यशाळा झाली की सोडतो म्हणालेत," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेपर ओढला.

कार्यशाळेला एक ताणतज्ज्ञ आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाज मलमासारखा. त्यांनी आमचे फोन एका टोपलीत जमा करून स्टेजवर ठेवले. गठ्ठे मात्र कोणी जमा करून घेतले नाहीत. मग डोळे मिटायला सांगितले. मी एक डोळा उघडाच ठेवला होता.

टोपलीतला फोन वाजला. बाई ताडकन उठल्या.

"वाजू द्या," तज्ज्ञ म्हणाले. "आवाज येतो, आवाज जातो."

"बाई, पाचच मिनिटं," हेडसर कुजबुजले. आणि बाई बसल्या! मी दातओठ खाल्ले.

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. या वेळी बाईंनी खुर्ची पाडली, स्टेज गाठलं आणि टोपलीत हात घातला. पलीकडे जावई रडत होता. त्यानं फोन बायकोच्या कानाशी धरला असावा, कारण बाईंनी एकदम वर्गातला आवाज लावला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"घाबरू नकोस. नाकानं श्वास घे. सावकाश. आता तोंडानं सोड."

अख्ख्या हॉलनं श्वास सोडला. आमची मंडळी डोळे मिटून होती. सूचना आली की पाळायची, कोणाची आणि कशासाठी ते विचारायचं नाही, ही सवय वर्षानुवर्षं परिपत्रकांवर सह्या करून हाडीमाशी खिळलेली. तज्ज्ञांनी तोंड उघडलं होतं, पण आपल्यापेक्षा बाईंचं जास्त ऐकतायत हे पाहून मिटलं.

"खांदे सैल सोड. फुंकर मार."

सगळ्यांनी फुंकर मारली.

"कळ गेली का गं?"

"गेली," चित्रकलेचे सर डोळे मिटूनच म्हणाले.

मी फस्सकन हसले आणि सगळे जागे झाले. तोवर बाई दारात पोचल्या होत्या.

"बाई, अहो, तुमचे गठ्ठे?" हेडसर ओरडले.

"माझे तपासून झालेत. उरलेले ज्याचे त्याला द्या." एवढं बोलून त्या गेल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बसमध्ये त्या लेकीशी बोलत राहिल्या. मग फोनची बॅटरी संपली. पोचल्या तेव्हा नात जन्मून कपड्यात गुंडाळलेली होती.

"पाच वेळा फोन केला, आई. पहिला तू उचलला नाहीस आणि शेवटचा लागलाच नाही," लेक म्हणाली आणि भिंतीकडे वळली. खरंच होतं ते. बाई काय सांगणार? कार्यशाळेत ताण घालवत होते म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांचा फोन आला. हे सगळं बाईंनीच मला परतल्यावर सांगितलं.

"अभिनंदन, बाई! नात म्हणजे लक्ष्मीच. बरं, चित्रकलेच्या सरांना बेरजा काही जमत नाहीयेत. तुम्ही तिथूनच जरा..."

नात नुकतीच भुकेनं उठली होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती. बाईंनी फोन तिच्या तोंडाशी धरला.

"हॅलो? बाई? ऐकू येतंय का?" हेडसर विचारत राहिले. नातीनं आवाज आणखी चढवला. बाईंनी हात हलवला नाही.

आदल्या दिवशी भिंतीकडे वळलेली लेक या कुशीवर वळली आणि बघत राहिली.

"अजून धर, आई," ती म्हणाली.