वरच्या वळणापर्यंत

दुपारचं जेवण करून केरबा गॅरेजातल्या बाकड्यावर आडवा होतो. डोळे मिटतात, पण बोटं काही थांबत नाहीत. ती अजून कार्बोरेटरमधला जेट फिरवत असतात. सकाळपासून त्यानं बायकोच्या, शालनच्या, स्कूटरचा कार्बोरेटर खोलून ठेवलाय. दीड वर्ष गाडी उभी होती. आतलं पेट्रोल आटून त्याची राळ धरलीय. केसाएवढ्या भोकाचा तो पितळी जेट त्यानं तीनदा पेट्रोलमध्ये धुतला, तोंडानं फुंकला, तरी आरपार उजेड दिसत नाही. आजऱ्यातली कुठलीच गाडी त्यानं आजवर अशी अर्ध्यात सोडलेली नाही. त्यात सोमवारपासून त्याच्या मुलीला, वृषालीला, याच गाडीवरून डोंगरातल्या वाडीच्या शाळेत शिकवायला जायचंय.

पत्र्यावर ऊन तडतडत असतं. मग तडतड थांबते.

समोरच्या स्टुलावर शालन बसलेली आहे. अंगावर दवाखान्याच्या कामाची साडी, खांद्याला औषधांची पिशवी. ती गेली, तिचं सगळं आपण आपल्या हातानं केलं, हे केरबाला पक्कं ठाऊक आहे. तरी तो दचकत नाही.

"निघाला का कचरा?" ती विचारते.

"नाही अजून."

ती म्हणते, गाडी चढाला बंद पडते म्हणून महिनाभर सांगत होते मी तुम्हाला. केरबा खाली मान घालून ऐकतो. गिऱ्हाइकाच्या गाड्या आधी, घरची नंतर, असं तो दर वेळी म्हणाला होता.

त्याच्या हातातली पेट्रोलची वाटी कलंडते. पेट्रोल पसरत जातं आणि पायाखाली तांबड्या मातीचा चढ लागतो. दोघं चालतायत. ऊन डोक्यावर आहे. हा कुठला दिवस ते केरबाला कळतं. गाडी सुरू झाली नाही म्हणून शालन बाळांना डोस पाजायला वाडीवर चालत निघाली होती, वैशाखात, आणि तिथं पोचून एका ओसरीवर टेकली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. केरबानं सगळ्यांना तेवढंच सांगितलं. गाडीचं कुणालाच सांगितलं नाही.

"शालन, गाडी चालू असती तर?"

ती पदरानं मान पुसते.

"ऊन फार होतं," ती म्हणते.

केरबाला पुढचं पाऊल टाकवत नाही. "माझ्यावर रागावली होतीस?"

"होते की. वरच्या वळणापर्यंत." ती बोटानं दाखवते. "तिथं करवंदाची जाळी दिसली, काळीभोर. मग बसले खात."

ती जाळीत हात घालते, भराभरा तोडते आणि मूठभर करवंदं त्याच्या हातावर ठेवते. ती उन्हानं तापलेली असतात, देठांना पांढरा चीक. जाळीमागं दवाखान्यातला तो लांब बाक आहे, ज्यावर केरबा त्या दिवशी बसून होता. आता शालनच त्यावर बसलीय, पिशवी मांडीवर घेऊन.

"वृषीला सांगितलंत?"

"नाही."

"मग न सांगता तिला गाडी देऊ नका."

त्याला अजून बोलायचं असतं. पण पत्रा पुन्हा तडतडू लागतो.

वृषाली चहाचा कप घेऊन दारात उभी आहे. केरबा उठून बसतो. कप घेत नाही.

"बस जरा," तो म्हणतो. "तुझ्या आईच्या गाडीचं सांगायचं आहे."

आणि तो सांगतो, काही न गाळता. महिनाभर ती काय म्हणत होती आणि आपण काय म्हणत होतो, तेही. वृषाली रडत नाही. चहावर साय धरते.

शेवटी ती उठते, जेट उचलून पेट्रोलच्या वाटीत टाकते.

"राहू दे भिजत, आबा," ती म्हणते. "उद्या दोघं मिळून बघू."

त्याला उठवायला ती हात पुढं करते. केरबा तो धरतो आणि उभा राहतो, पण तिला हात सोडवून घेता येत नाही. तळवे एकमेकांना चिकटलेत. ती त्याचा हात उलटा करून बघते. बोटांवर पांढरा चीक आहे, अजून ओला, ताज्या देठाचा.

डोंगरावर कार्तिक चाललाय. करवंदाला अजून फूलही आलेलं नाही.